उतरत्या खांद्याचा कोट

५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी सरहद्द बंद झाली आणि अण्णांचं परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. जन्मभर गिऱ्हाइकांना दोन दिवस उशिरा कोट देणारे आपले वडील शेवटी दोन दिवसांनीच अडकले. खोकल्याला समुद्राची हवा बरी म्हणून पंधरा दिवसांसाठी मीच त्यांना तुझ्याकडे धाडलं, त्यामुळे बोल लावायला दुसरं कोणी सापडत नाही. आता ते तुमच्या देशात शत्रूचे नागरिक. वय शहात्तर, हत्यारं म्हणशील तर एक कात्री आणि एक कवळी. जपून ठेव.

टपाल बंद, फोन बंद. हे पत्र मावशीमार्फत येतंय. तिचा देश या भांडणात नाही, आणि तिच्या शेजारी रेल्वेच्या डब्यातला स्वयंपाकी राहतो. त्याची गाडी अजून दोन्हीकडे जाते, म्हणून तो पत्रं नेतो-आणतो. बदल्यात त्याला मावशीचं बोलणं ऐकावं लागतं, म्हणजे बिचाऱ्याला सोपं काहीच नाही.

लढाई कशासाठी, ते रेडिओने नीट समजावलं आहे. तुम्हाला बंदर आहे आणि आम्हाला नाही, हा अन्याय आहे. शिवाय तुमचा माल आम्ही घेतला की तुम्ही त्याचे पैसे मागता. दहा दिवसांत सगळं आटोपेल म्हणतात. तुमच्या एका शिपायामागे आमचे तीस, आणि तोफांचं तर विचारूच नकोस.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. लष्कराचे हिवाळी कोट आमच्या सरकारी कारखान्यात होतात, मी तिथला कटिंग मास्तर, आणि त्या कोटांची शिंगाची बटणं झाडून सगळी भाऊजींच्या कारखान्यातून येतात. म्हणजे येत होती. आज गोदामात चौदा हजार कोट काजं उघडी टाकून लटकले आहेत. लढाई पुकारताना हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण पुकारणाऱ्यांच्या कोटांना पितळी बटणं असतात. हे काही गुपित फोडत नाही, वर्तमानपत्रात व्यंगचित्र येऊन गेलं.

मला आता एकच काम आहे. थंडी पडायच्या आत अण्णांना घरी आणायचं. मदत संस्थेच्या कचेरीत दोन चकरा झाल्या. म्हाताऱ्या नागरिकांची अदलाबदल होणार आहे म्हणतात. तोवर त्यांना घरात ठेव आणि राजकारणावर बोलू देऊ नकोस.

लोभाला पक्का टाका घालून ठेव.

तुझा,
धाकटा


२४ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

अण्णांना घरात ठेव असं तू लिहितोस. तू कधी ठेवू शकलास का?

रोज सकाळी नऊ वाजता त्यांना चौकीवर जाऊन सही करावी लागते. पहिल्या दिवशी हवालदाराने हुद्दा विचारला, तर म्हणाले, कटिंग मास्तर, निवृत्त. चौथ्या दिवशी हवालदाराची पँट आमच्या घरी होती. आठव्या दिवशी फौजदाराची. शत्रूने इतक्या लवकर कुठलंच ठाणं घेतलं नसेल.

बाकी हाल आहेत. साखर गायब झाली, कोळसा पोत्यावरून पिशवीवर आला. तुमची विमानं दुपारी जेवणं आटोपल्यावर येतात, तेवढी रीत पाळतात. बटणांचा दोन तृतीयांश माल तुमच्याकडे जायचा, तो आता आढ्यापर्यंत रचलाय, आणि अर्धी माणसं कारखान्याने घरी बसवली. तोफा पोचायच्या आधी आम्ही पोटाच्या बाजूने हरलो, असं हे म्हणतात. परवा सरकारने हुकूम काढला की बटणांच्या यंत्रांवर तोफगोळ्यांच्या पितळी कड्या करा. शिंग कापणारं यंत्र पितळ कसं कापेल? दाते तुटतात, आणि त्याचा राग घरी माझ्यावर निघतो.

आमच्या शिपायांना कोटच नाहीत. जे आहेत ते मागच्या लढाईतले, कसरीने खाल्लेले. म्हणून शाळेच्या मोठ्या खोलीत शिवणकेंद्र उघडलंय. चित्रकलेच्या निवृत्त बाई प्रमुख आहेत, बाकी सगळ्या मास्तरणी आणि माझ्यासारख्या. जमा केलेल्या घोंगड्यांचे आणि पडद्यांचे कोट. अण्णा तीन दिवस खिडकीशी उभे राहून बघत होते. चौथ्या दिवशी आत शिरले. मी अडवलं. ते म्हणाले, मी लष्करासाठी शिवत नाही, कापड वाया जाताना मला बघवत नाही.

काल मी रस्त्यावरून येत होते आणि शाळेतून त्यांच्या कात्रीचा आवाज आला. लांब, एका श्वासाचा, मध्ये न थांबणारा. पाय जागेवरच थांबले. आपण दोघं त्यांच्या टेबलाखाली बसायचो, तू खडू खायचास, आणि डोक्यावर तो आवाज. एकदा तू चिंध्यांच्या ढिगात झोपलास आणि आईने तुला गाठोड्यात बांधायचंच बाकी ठेवलं होतं. बांधलं असतं तर आज तू कुणाच्या तरी गादीत असतास, आणि ऊबदार असतास.

भावजयबाईंना सांग, लोकर असेल तर साठवून ठेव म्हणावं. माया आहेच, ती रेशनवर मिळत नाही एवढंच बरं.

ताई


१५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

दहा दिवसांच्या लढाईचा आज त्रेचाळिसावा दिवस. हिशेबात चूक नव्हती, रस्त्यात होती. एकास तीस हे कागदावर खरं, पण तुमच्या डोंगरात जाणारी वाट एका ट्रकपुरती आहे. तेव्हा पहिला ट्रक लढतो आणि मागचे दोनशे एकोणतीस हॉर्न वाजवतात. तेल मात्र सगळ्यांचं जळतं. त्यासाठी आमच्या पगारातून लढाई-कपात सुरू झाली, आणि साखर आमच्याकडूनही नाहीशी झाली. दोन्ही देशांची साखर जाते कुठे, हे शत्रूशी बोलणी सुरू झाली की विचारायला हवं.

बटणांवर समिती बसली. पितळेची करावीत, तर दारूगोळा खातं पितळ देत नाही. लाकडाची केली, ती पावसात फुगून काजात अडकली आणि शिपायांना कोटासकट झोपावं लागलं. शेवटी नाडी. जगातलं तिसऱ्या नंबरचं सैन्य पोटाला नाडी बांधून उभं आहे.

कोट मात्र मी अण्णांच्याच फर्म्यावर कापतो. फर्मा म्हणजे त्यांचे ते खाकी कागदाचे तुकडे, खांदा उतरता, कॉलर कानापर्यंत उभी, पाठ एकसंध, खाली घंटेसारखा घेर. तू लग्न होऊन गेलीस त्यानंतर लष्कराने तो उचलला. मोबदला म्हणून एक प्रशस्तिपत्र दिलं, त्यात त्यांचं आडनाव चुकलेलं. तरी त्यांनी ते काचेत लावलं. संध्याकाळी मी रिकाम्या खोलीत तो कागद कापडावर ठेवतो तेव्हा मला दुकानातल्या इस्त्रीच्या वाफेचा वास येतो. भलत्या वेळी, भलत्या कामात येतो.

आता कामाचं. अदलाबदल १० डिसेंबरला, नदीच्या पुलावर. तुमच्याकडून एकतीस माणसं येणार, अण्णांचा नंबर एकतिसावा. अट एकच: तिथल्या पोलिसांचा दाखला हवा की या माणसावर कसलाही आळ नाही. म्हणून हात जोडून सांगतो, त्यांना त्या केंद्रापासून लांब ठेव. तिकडचं सरकार आज खूश असेल, उद्या विचारेल की शत्रूचा म्हातारा आमच्या लष्करात काय करतोय.

लोभ सैल पडू नये, नाडीचे दिवस आहेत.

धाकटा


६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र उशिरा पोचलं. वेळेवर पोचलं असतं तरी उपयोग नव्हता, सहाशे कोट आधीच गेले होते.

गेल्या मंगळवारी खिंडीत दाट धुकं होतं. वरच्या चौकीतली तुकडी नवे कोट घालून पहाटे खाली शिधा घ्यायला उतरली. खालच्या चौकीला धुक्यात रंग दिसला नाही, आकार दिसला. उतरते खांदे, कानापर्यंत कॉलर, खाली घेर. शत्रू आला म्हणून त्यांनी गोळ्या झाडल्या. तिघे जखमी झाले. चौथा गेला. आमच्याच गल्लीतला गवंडी. उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघराचं धुरांडं त्याने नीट केलं होतं, आणि विटा उरल्या त्या न सांगता अंगणात रचून गेला होता. त्याची बायको आमच्या कारखान्यात बटणं निवडते.

त्याच संध्याकाळी अण्णांना नेलं. मी सोबत गेले. अधिकाऱ्याने टेबलावर दोन कोट ठेवले, एक केंद्रातला, एक तुमच्या पकडलेल्या शिपायाच्या अंगावरचा. अण्णांनी दुसरा उचलला, कॉलर उलटली, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि कोणी न विचारता म्हणाले की हा माझ्या धाकट्याचा हात आहे, चांगला कापलाय. चेहऱ्यावर कौतुक होतं रे. मग त्यांनी पहिला कोट बघितला. मग पुन्हा दुसरा. मग ते खाली बसले.

शत्रूने मुद्दाम पाठवलेला माणूस, असा आळ आहे. विचारलं तर अण्णा म्हणतात, मी इथल्याच फर्म्यावर कापत होतो, फक्त त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. खांदा चौकोनी होता, उतरवला. कॉलर पडलेली होती, उभी केली. पाठीला मधोमध चीर होती, ती बंद केली. एकेक चूक दुरुस्त करत गेले आणि सगळ्या दुरुस्त झाल्या तेव्हा कोट तुमचा झाला. आमच्या बायकांपैकी कुणी तुमचा कोट जवळून पाहिलेला नव्हता. ऊबदार दिसला, आम्ही शिवत गेलो. त्यात माझेही हात आहेत.

२८ तारखेला चौकशी. केंद्रातल्या बाई म्हणतात, हा त्यांचा जुनाच हात आहे, लढाईसाठी रचलेला नाही, एवढं सिद्ध झालं तर सुटतील. त्यांचा मूळ फर्मा तुझ्या ट्रंकेत आहे ना? त्यावर त्यांची सही आणि तारीख असते. तो पाठव. जोखीम मला कळते. तरी पाठव.

ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाठवला. कॉलर आणि खांदा एवढे दोन तुकडे, दोन्हींवर त्यांची सही, अडतीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि कोपऱ्यात कुण्या वकिलाच्या छातीचं माप. तो वकील या काटाचं पहिलं गिऱ्हाईक.

सरळ मार्गाने जाऊन बघितलं आधी. आमच्या साहेबांना विचारलं की एक जुना फर्मा नातेवाइकांना पाठवला तर चालेल का. ते म्हणाले, लष्करी कोटाचा काट हे गुपित आहे. मी म्हटलं, साहेब, चार लाख माणसं तो अंगावर घालून शत्रूसमोर उभी आहेत, शत्रूला तो रोज दिसतो. ते म्हणाले, दिसतो, पण कागदावर नाही दिसत. एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

मग घरी आलो आणि ट्रंक उघडली. बायको दारात उभी होती. तिने पातळ पिवळा कागद आणून दिला गुंडाळायला.

त्या गवंड्याचं तू लिहिलंस, तेव्हापासून कारखान्यात खडू हातात घेतला की मनात येतं, हा खांदा धुक्यात कुणाला कसा दिसेल. पूर्वी मनात यायचं की अण्णांना आवडेल का.

या खेपेला लोभ, माया, सगळं तुझ्याकडेच ठेव. अण्णांना दे.

धाकटा


२२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी नाही, म्हणून लगेच सांगते. स्वयंपाक्याने पत्र टोपीत ठेवलं होतं, ते बचावलं. कागदाचे तुकडे पिठाच्या डब्यात ठेवले होते, ते तुमच्याच हद्दीत झडतीत सापडले. केकच्या भांड्याला लावायचे कागद आहेत असं तो शपथेवर म्हणाला, पण केकच्या कागदावर वकिलाची छाती नसते. त्याला सोडलं. सही मात्र त्यांनी वाचली आहे, तेव्हा तुझ्याकडे कोणीतरी येईल. खरं बोल, थोडं बोल.

तुमच्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, शिंप्याशी लग्न करू नकोस, त्याला माणसापेक्षा खांदा आधी दिसतो. तिने ऐकलं नाही आणि सुखात राहिली. आता कुणाला काय सांगायचं?

ताईला मी वेगळं कळवलं आहे की पुरावा येत नाही. अंगावर गरम घाल.

मावशी


३ डिसेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

सुटले. आधी हे वाच, मग बाकीचं.

पुरावा नाही म्हटल्यावर चित्रकलेच्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माणूस इथेच आहे, कापडही आहे, आपल्यासमोर आपला कोट कापायला सांगा. तो लबाड असेल तर हात त्याच्या ताब्यात आहे, आज बरोबर कापेल. चौघा अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. टेबलावर करडं कापड पसरलं, त्यावर आमच्या लष्कराचा फर्मा. अण्णांना बजावलं की एक सूतही बदलायचं नाही. ते म्हणाले, नाही बदलणार.

चष्मा लावला. फर्म्याच्या कडेने खडू फिरवला, अगदी बिनचूक, मी स्वतः बघितलं. मग कात्री उचलली. तोच आवाज, एका श्वासाचा. खांद्यापाशी आल्यावर कात्रीने खडूची रेघ सोडली आणि दोन बोटं खाली उतरली. कॉलरशी रेघ सोडून वर चढली. पाठीला मधोमध कापायचं होतं तिथे गेलीच नाही. हात इतका शांत होता की त्यांचं काही चुकतंय असं मलाही क्षणभर वाटलं नाही. कात्री खाली ठेवून ते म्हणाले, घ्या तुमचा कोट.

मग बाईंनी त्यांच्या कोपराला धरून खाली पडलेला तुकडा दाखवला. त्यावर त्यांचीच खडूची रेघ होती, आणि कापलेली कड तिच्यापासून लांब. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. परत बघितलं.

देशद्रोहाचा हेतू नाही, कामास अपात्र, असा निकाल लिहिला. सही घेतली त्यांची त्यावर. साठ वर्षं हातात कात्री धरलेल्या माणसाने सुटकेसाठी त्या कागदावर सही केली. मला आनंद व्हायला हवा होता. घरी आणताना त्यांनी माझा दंड धरला होता, आणि पूर्वी ते गर्दीत आपला धरायचे तसा नव्हता तो.

दाखला मिळालाय. दहाला पुलावर ये. ते आल्यावर बोलायला लावू नकोस, नुसता शेजारी बस.

ताई


१२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा सकाळी सहापासून पुलावर उभा होतो. बस आली, तीस म्हातारी माणसं उतरली. एक आजोबा कोंबडी घेऊन आले होते, तिचा दाखला नव्हता, म्हणून तिला परत पाठवलं. एकतिसाव्या जागेवर कुणाचं तरी बोचकं. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, त्या म्हाताऱ्याने स्वतः कचेरीत येऊन नाव खोडायला लावलं.

ताई, मी चिडलोय. तुझ्यावर, त्यांच्यावर, त्या कोंबडीवरसुद्धा. मी फर्मा पाठवला, तो पकडला गेला, दोन साहेब घरी येऊन गेले. खटला भरायचा होता, पण खटल्यात फर्मा पुरावा म्हणून दाखवावा लागेल आणि मग गुपित फुटेल, म्हणून भरला नाही. त्याऐवजी माझी कटिंगवरून बदली केली, बटणं लावायच्या खात्यात. तिथे बटणं नाहीत. आम्ही अकरा जण दिवसभर सुईत दोरा ओवून बसतो. हे सगळं मी त्यांना घरी आणण्यासाठी केलं, आणि त्यांनी नाव खोडलं. का, ते सांग. त्यांना सांगायला लाव.

धाकटा


२ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

रागाव, तुझा हक्क आहे. आता ऐक.

नाव खोडून आले त्या दिवशी ते थेट केंद्रात गेले आणि बाईंना म्हणाले की मला शिकवा. बाईंनी अट घातली, कापडाला हात लावायचा नाही, फक्त जुनी वर्तमानपत्रं. शिकवायला एक मास्तरीण दिली, सव्वीस वर्षांची, जिभेने माझ्यासारखी. रोज सकाळी चौकीवर सही, मग केंद्रात खालच्या बाकावर बसून वर्तमानपत्राचे कोट. लढाईच्या बातम्या कापून पार चिंधड्या केल्यात. तेवढं एक बरं चाललंय.

पहिल्या आठवड्यात एकही कोट जमला नाही. खांद्यापाशी कात्री उतरतेच. मास्तरीण हातावर पट्टी मारायची बाकी ठेवते. एक दिवस त्यांनी तिला विचारलं की हा खांदा चौकोनी कशाला, वाईट दिसतो. ती म्हणाली, आमचे लोक डोंगरात खांद्यावर दोर टाकून ओझं नेतात, उतरत्या खांद्यावरून दोर घसरतो. कॉलर पडलेली का? धुक्यात दिसत नाही, ऐकावं लागतं, कान उघडे हवेत. पाठीला चीर? चढताना पाय उचलता यावा म्हणून. अण्णांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, हे मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारलं होतंत का?

घरी येऊन त्यांनी मला हे सगळं सांगितलं, चौकशीपासून पहिल्यांदा इतकं बोलले. म्हणाले, चूक होती ती चूक नव्हती. आणि म्हणाले, माझ्या नकळत माझा हात असं करतो, तो हात घेऊन मी घरी जाणार नाही. धाकट्याला सांग, हात ऐकायला लागला की येतो.

चौकीवरून येताना ते गवंड्याच्या घरावरून येत नाहीत, पूर्ण बाजाराला वळसा घालतात. थंडीत, त्या खोकल्यासकट.

आशीर्वाद दोनदा घे, एक त्यांचा.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तह झाला, रेडिओवर ऐकलं असशीलच. आम्ही जिंकलो असं आमचा सांगतो, तुमचा काय सांगतो ते कळव. बंदर तुमचंच राहिलं. आम्हाला ते आठवड्यातून चार दिवस वापरायला मिळणार, जकात भरून. लढाईआधी सातही दिवस मिळत होतं. बटणं आता दीडपट भावाने घ्यायची, हेही तहात आहे, स्वतंत्र कलम. तुमची दोन खोरी जळाली आणि आमची अकरा हजार माणसं गेली, ते कलमांत नाही.

एकास तीस असून आम्हाला तुमच्या चुका दुरुस्त करता आल्या नाहीत. अण्णांना निदान नंतर विचारावंसं तरी वाटलं.

आता राग गेलाय. मागच्या रविवारी घरी स्वतःसाठी कोट कापायला घेतला आणि ध्यानात आलं की मीसुद्धा खडूच्या रेघेकडे बघत नाही. बघायला शिकलोच नाही. दहा वर्षांचा असताना ते मागे उभे राहायचे, माझं मनगट धरायचे आणि आम्ही दोघं मिळून कापायचो, त्यांच्या अंगाला खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास. माझा हात म्हणजे त्यांचाच हात आहे. तो त्यांनी तिकडे शिकायला घातलाय आणि इकडे मी एकटा आहे.

१८ मार्चपासून पूल उघडणार. येणार आहेत का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

धाकटा


१८ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हो.

हे पत्र बसच्या कचेरीत बाकावर बसून लिहितेय, त्यांच्याच खिशात घालून देणार आहे. ते समोर खिडकीशी उभे आहेत.

महिन्याच्या सुरुवातीला बाईंनी त्यांना कापड दिलं, निळसर करडं, खरं. मास्तरीण पट्टी घेऊन बसली. खांद्यापाशी आले आणि थांबले. कात्री इतकी वर्षं कधी मध्ये थांबली नव्हती. रेघेकडे बघितलं, मग कापलं. पुन्हा थांबले, पुन्हा बघितलं. आवाज तसा नव्हता, तुटक होता, शिकाऊ माणसाचा. अख्खा दिवस गेला. मास्तरणीने मापं घेतली आणि म्हणाली, सगळं जिथल्या तिथे आहे.

लढाई संपलेली, लष्कराला कोट नकोत. त्यांनी तो शिवून, इस्त्री करून हातावर घेतला आणि बाजाराचा वळसा न घेता सरळ गल्लीत गेले. मी चार पावलं मागे. गवंड्याच्या बायकोने दार उघडलं. आपण कोण ते त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मला नोव्हेंबरपासून माहीत आहे, आणि तुम्ही रोज लांबून जाता तेही. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. तिने कोट घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, खांद्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, कोळसा परवडत नाही, पहाटेच्या पाळीला जाताना अंगावर गरम काही नसतं, मी घालीन. बाह्या तेवढ्या लांब होतील.

अण्णांनी खिशातून टेप काढली. ती हात लांब करून उभी राहिली, त्यांनी माप घेतलं. तिच्याच टेबलावर बसून दोन्ही बाह्या उसवल्या, कापल्या, लावल्या. दोन तास. ती समोर बसून बटाटे सोलत होती. तिने घालून बघितला. आम्ही दारापर्यंत आलो, तेव्हा ती मागून म्हणाली की डावी बाही किंचित लांब आहे. ते परत जाऊन बसले आणि पुन्हा उसवली.

आता तुझ्याकडे येतायत. खोकला गेलेला नाही, कवळी सैल झालीय, चालायला लागले की डावा पाय ओढतात. त्यांना बटणांच्या खात्यातलं सगळं सांग, त्यांना हसू येईल. आणि केव्हातरी त्यांचं मनगट तू धर.

खिडकीवर परतीच्या माणसांसाठी एक फॉर्म असतो. नाव, वय, आणि या देशात कशासाठी राहिलात. कारकुनाने त्यांना सांगितलं की सगळे लिहितात तसं लिहा, लढाईमुळे अडकलो. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, काम शिकायला.

पोचले की एक ओळ टाक. माझा जीव तोवर तुझ्या दाराशी.

ताई